ठोका, धूर आणि तेल : जुन्नर-आंबेगाव परिसरातील डिझेल इंजिनाच्या अंतर्गत बिघाडाच्या निदानाचा इतिहास

सारांश

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांतील विहीर-बागायतीत मोटेनंतर आणि विजेच्या पंपापूर्वी डिझेलवर चालणाऱ्या ऑइल इंजिनाचा एक महत्त्वाचा कालखंड येतो. इंजिनाच्या आत होणारी झीज डोळ्यांना दिसत नाही. ती बाहेरील लक्षणांवरून ओळखावी लागते. प्रस्तुत शोधनिबंधात या निदानाच्या तीन पद्धतींचा, म्हणजे मिस्त्रीचे ज्ञानेंद्रियांवर आधारलेले निदान, एस.टी. आगारातील नोंदींवर आधारलेले निदान आणि रेल्वेच्या प्रयोगशाळेतील तेलतपासणी यांचा, ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. मिस्त्रीचे निदान हा केवळ अंदाज नसून ती शिस्तबद्ध अनुमानाची पद्धती होती, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : ऑइल इंजिन, विहीर-बागायत, मिस्त्री, निदान, यांत्रिकीकरण, जुन्नर, आंबेगाव.

१. प्रस्तावना

महाराष्ट्रातील शेतीच्या यांत्रिकीकरणाचा इतिहास बहुधा आकड्यांच्या आधारे लिहिला जातो. किती विहिरी खोदल्या, किती इंजिने बसली, किती अश्वशक्ती उपलब्ध झाली आणि किती क्षेत्र ओलिताखाली आले, हे त्याचे ठरलेले प्रश्न होत. बसविलेले इंजिन वर्षानुवर्षे चालू कसे राहिले, ते बिघडल्यावर बिघाड नेमका कोठे आहे हे कोणी आणि कशाच्या आधारे ठरविले, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. वस्तुतः यंत्र विकत घेणे ही एका दिवसाची घटना असते, तर ते चालते ठेवणे ही पुढील पंधरा-वीस वर्षांची प्रक्रिया असते.

इंजिनाच्या बाबतीत या प्रक्रियेचा केंद्रबिंदू म्हणजे निदान होय. नांगराचा फाळ झिजला किंवा मोटेचे चामडे फाटले तर ते शेतकऱ्याला दिसत असे. डिझेल इंजिनाचे तसे नाही. पिस्टन, रिंगा, लायनर, कनेक्टिंग रॉड, क्रँक आणि बेअरिंगे हे त्याचे सर्व महत्त्वाचे भाग बिडाच्या जाड आवरणात बंद असतात. त्यामुळे ग्रामीण जीवनात प्रथमच असे एक अवजार आले, ज्याचा रोग बाहेरून ओळखण्यासाठी वेगळ्या जाणकाराची गरज निर्माण झाली. या जाणकाराच्या ज्ञानाचे स्वरूप स्पष्ट करणे, त्याची संस्थात्मक पद्धतींशी तुलना करणे आणि त्याच्या आजच्या स्थितीचा विचार करणे, ही प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे आहेत.

२. ऐतिहासिक आणि भौगोलिक पार्श्वभूमी

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याला त्याच्या इंजिनाचे पेटंट १८९३ मध्ये मिळाले आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे त्याच्या इंजिनाची यशस्वी चाचणी झाली. इंधनातील सुमारे २६ टक्के उष्णतेचे कार्यात रूपांतर करणारे हे इंजिन त्या काळातील वाफेच्या इंजिनापेक्षा कितीतरी काटकसरी होते. १९२७ मध्ये बॉश कंपनीने इंधन-पंपाचे घाऊक उत्पादन सुरू केल्यावर लहान आणि जलदगती डिझेल इंजिनांचा मार्ग मोकळा झाला.

महाराष्ट्रात या तंत्रज्ञानाचे उत्पादन तुलनेने लवकर सुरू झाले. सातारा येथे धनजीशा कूपर यांनी स्थापन केलेल्या कारखान्यात १९३० च्या दशकात डिझेल इंजिने तयार होऊ लागली. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. पुढे १९४६ मध्ये शंतनुराव किर्लोस्करांच्या नेतृत्वाखाली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. इंधन-पंप आणि नोझल यांसाठी १९५१ मध्ये बंगळूर येथे स्थापन झालेली मायको कंपनी प्रसिद्ध होती आणि तिचा एक कारखाना पुढे नाशिकला निघाला. इंजिने पुण्याची आणि नोझल नाशिकचे, अशा या औद्योगिक रचनेत पुणे-नाशिक महामार्गावरील मंचर, नारायणगाव आणि आळेफाटा ही गावे मध्यावर येतात. सुटे भाग आणि त्यांविषयीची माहिती मिळविण्याच्या दृष्टीने हे स्थान अनुकूल होते.

या दोन तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या कुशीतील अतिपावसाचा, तर पूर्व भाग कमी पावसाचा आहे. कुकडी, मीना, पुष्पावती आणि घोड या नद्यांच्या खोऱ्यांत काळ्या कातळात खोदलेल्या विहिरी हा बागायतीचा जुना आधार होता. मोटेला बैलजोडी आणि माणूस दिवसभर गुंतून राहत असे. पाच अश्वशक्तीचे इंजिन हे काम काही तासांत करी. १९७२ च्या दुष्काळानंतर राज्यभर विहिरी खोदण्याच्या आणि खोल करण्याच्या कामाला गती आली. इंजिन आणि विहीर यांसाठी भूविकास बँकेचे कर्ज हा प्रचलित मार्ग होता. म्हणजेच इंजिन बंद पडले तरी कर्जाचा हप्ता थांबत नसे. निदानाच्या प्रश्नाला आर्थिक धार आली ती येथे.

३. निदानाचा मूळ प्रश्न : इंजिन उतरवावे की नाही?

इंजिनातील अंतर्गत बिघाडाचे तीन ढोबळ प्रकार करता येतात. पहिला प्रकार हळूहळू होणारी झीज हा होय. त्यात रिंगा, लायनर, बेअरिंगे आणि व्हॉल्व्ह यांचा समावेश होतो. दुसरा प्रकार जाम होणे, म्हणजे तेल किंवा थंड पाणी न मिळाल्याने पिस्टन लायनरमध्ये अडकणे. तिसरा प्रकार तडा जाणे वा तुटणे, उदाहरणार्थ हेडला तडा जाणे, रिंग तुटणे किंवा क्रँक मोडणे. दुसरा आणि तिसरा प्रकार बहुधा पहिल्याकडे किंवा थंडाव्याच्या व्यवस्थेकडे दुर्लक्ष झाल्याचा परिणाम असतो.

मिस्त्रीपुढील खरा प्रश्न ‘काय बिघडले आहे?’ एवढाच नसे. ‘इंजिन उतरवावे की नाही?’ हा त्याहून मोठा प्रश्न होता. इंजिन उतरविणे म्हणजे ते पायापासून सोडवून बैलगाडीने किंवा टेम्पोने बाजारगावी नेणे, पूर्ण खोलणे, लायनर-पिस्टन बदलणे, क्रँकचे ग्राइंडिंग करून घेणे आणि पुन्हा बांधणे. यात काही दिवस सहज जात. पीक फुलोऱ्यात असताना किंवा फळ धरले असताना एवढे दिवस पाणी बंद राहणे म्हणजे हंगामावर पाणी सोडण्यासारखेच होते. याउलट बेअरिंग सैल झालेले इंजिन तसेच चालविले तर क्रँक खराब होई आणि खर्च कित्येक पटींनी वाढे. अनावश्यक खोलणे आणि उशिरा खोलणे या दोन्ही चुका शेतकऱ्याला महाग पडत. या दोहोंमधील योग्य वेळ ओळखणे हेच निदानाचे कौशल्य होते.

४. मिस्त्रीची निदानपद्धती

‘मिस्त्री’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला असून त्याचा मूळ अर्थ उस्ताद, कुशल कारागीर असा आहे. गवंडी आणि सुतार यांच्यासाठी रूढ असलेले हे नाव इंजिनाच्या जाणकाराला मिळाले, यातच त्याच्या ज्ञानाला समाजाने दिलेला दर्जा दिसून येतो. त्याच्या पद्धतीचे चार भाग पाडता येतात.

४.१ ठोका : ठोका ऐकण्यासाठी लांब स्क्रू-ड्रायव्हर किंवा लाकडी दांडा एका टोकाने इंजिनाच्या अंगाला आणि दुसऱ्या टोकाने कानाजवळ लावण्याची रीत होती. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपमागील तत्त्व येथेही लागू पडते. धातू आणि लाकूड यांतून आवाज सरळ कानापर्यंत येतो आणि आजूबाजूचा गोंगाट कमी होतो. पिस्टन लायनरमध्ये सैल झाला असेल तर इंजिन थंड असताना पोकळ आवाज येतो आणि ते तापल्यावर तो कमी होतो. पिस्टनपिन सैल असेल तर तीक्ष्ण, दुहेरी ठोका मिळतो. कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग गेले असेल तर जड, बोथट ठोका पडतो आणि भार वाढविला की तो वाढतो. मेन बेअरिंगचा आवाज त्याहून खोल असून त्याचा हादरा पायापर्यंत जाणवतो.

येथे इंजिनाची गती महत्त्वाची ठरते. जुनी मंदगती इंजिने मिनिटाला सुमारे ६५० फेरे घेत. चार-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा ज्वलन होत असल्याने सेकंदाला पाच-सहा ठोके पडत आणि प्रत्येक ठोका कानाला सुटा ऐकू येई. त्यानंतर प्रचलित झालेल्या १५०० फेऱ्यांच्या जलदगती इंजिनात सेकंदाला सुमारे साडेबारा ठोके पडतात आणि ते एकमेकांत मिसळतात. म्हणून जलदगती इंजिनाच्या आगमनानंतर मिस्त्रीला केवळ ऐकण्यावर विसंबून राहता आले नाही. त्याला इंजिनावर लहान लहान प्रयोग करावे लागले. पंपाचे इंधन क्षणभर तोडून ठोका थांबतो का हे पाहणे, हा त्यांपैकी एक. ठोका इंधनाबरोबर लगेच थांबला तर त्याचा संबंध ज्वलनाशी किंवा भार पेलणाऱ्या बेअरिंगशी असतो. इंजिन नुसत्या वेगावर फिरत असतानाही तो राहिला तर दोष इतरत्र शोधावा लागतो. फ्लायव्हीलची चावी सैल झाल्यामुळे येणारा ठोका हुबेहूब बेअरिंगच्या ठोक्यासारखा भासतो. ही चावी न तपासता इंजिन उतरविणे ही नवशिक्याची ठरलेली चूक होय. काही मिनिटांच्या या तपासणीने शेतकऱ्याचे काही दिवस वाचत.

४.२ धूर : काळा धूर अपुऱ्या ज्वलनाचा, निळा धूर तेल जळत असल्याचा आणि पांढरा धूर न जळालेल्या डिझेलचा किंवा सिलिंडरमध्ये पाणी उतरल्याचा निदर्शक असतो. परंतु धुराचा अर्थ परिस्थितीनुसार बदलतो. पंप पाणी खेचू शकतो ती उंची व्यवहारात सुमारे सात मीटरच असते. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की पंप आणि इंजिन विहिरीतील टप्प्यावर उतरवावे लागे. तेथे इंजिनाला स्वतःचाच धूर परत ओढावा लागतो, हवा अपुरी पडते आणि धूर काळा होतो. अशा वेळी नोझल किंवा पंप यांत दोष नसतो. दोष जागेत असतो. विहिरीत साचणारा हा धूर माणसालाही घातक असल्याने धुराचे योग्य वाचन हा जीविताचाही प्रश्न होता.

४.३ तेल आणि पाणी : चेंबरमधील तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरलेले असते. तेलाची पातळी आपोआप वाढली आणि त्याला डिझेलचा वास आला तर इंधन खाली उतरत असते. तेल बोटांत चोळून त्यातील कण तपासले जात. चमकणारा कण चुंबकाला चिकटला तर तो लोखंडाचा, म्हणजे लायनर, रिंग किंवा क्रँक यांच्याकडून आलेला असतो. चिकटला नाही तर बेअरिंगच्या मिश्रधातूचा किंवा पिस्टनच्या ॲल्युमिनियमचा संशय बळावतो. विहिरीचे किंवा नदीचे पाणीच इंजिन थंड करण्यासाठी फिरविले जात असल्याने गाळ आणि क्षार जाकिटात साचत, इंजिन तापे आणि हेडचे गॅस्केट जळे. बाहेर पडणाऱ्या पाण्यात सतत बुडबुडे दिसणे ही त्याची खूण होती.

४.४ दाब : शेवटी हँडल मारून दाब पाहिला जाई. दाब चांगला असेल तर पिस्टन वर येताना फ्लायव्हील अडते आणि मागे उसळी घेते. दाब गेला असेल तर ‘हवा कोठून जाते?’ हा प्रश्न पुढे येतो. सायलेन्सरमधून फुसकारा आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, हवेच्या गाळणीतून आला तर इनलेट व्हॉल्व्ह, तेल भरण्याच्या तोंडातून आला तर रिंगा आणि लायनर दोषी ठरतात. सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडून पुन्हा हँडल मारल्यावर दाब वाढला तर दोष रिंगांचा आणि वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटचा, असा निष्कर्ष काढला जाई.

या चारही भागांचा एकत्रित विचार करता असे दिसून येते की, मिस्त्री एकाच लक्षणावर निर्णय देत नसे. तो एकेक शक्यता वगळत जाई आणि जे उरे त्यावर बोट ठेवी. निरीक्षण, कल्पना, पडताळा आणि निष्कर्ष ही शास्त्रीय पद्धतीची सर्व अंगे येथे आढळतात. मात्र त्यांची लेखी मांडणी झालेली नाही.

५. नोंदीचे निदान : एस.टी. आगार

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. ग्रामीण भागात डिझेल इंजिनाचा दुसरा मोठा प्रवेश एस.टी.मुळे झाला. जुन्नर तालुक्यात नारायणगाव येथे एस.टी.चे आगार आहे. विहिरीवरील इंजिनाचा मालक एक आणि मिस्त्री एक असतो. आगारात अनेक गाड्या, अनेक चालक आणि पाळ्यांनी बदलणारे कर्मचारी असतात. एका माणसाच्या स्मरणावर येथे काम चालत नाही. म्हणून प्रत्येक गाडीमागे एका लिटर डिझेलमध्ये किती किलोमीटर अंतर कापले आणि किती इंजिन तेल वरून घालावे लागले, यांची नोंद ठेवली जाते.

या नोंदी खर्चाच्या हिशेबासाठी असल्या तरी त्या निदानाचेही साधन आहेत. एखाद्या गाडीचे तेल हळूहळू अधिक लागू लागले तर निळा धूर डोळ्यांना स्पष्ट दिसण्यापूर्वीच रिंगांची झीज कागदावर उमटते. मात्र नोंद बिघाड आहे एवढेच सांगते, तो कोणत्या सिलिंडरमध्ये आहे ते सांगत नाही. त्यासाठी पुन्हा मेकॅनिकला एकेका नोझलच्या पाइपचा नट सैल करून आवाजातील फरक ऐकावा लागतो. ज्या सिलिंडरचे इंधन तोडल्यावर इंजिनाच्या चालीत फरकच पडत नाही, तो सिलिंडर आधीपासून निकामी असतो. नोंदवही आणि कान ही साधने अशा प्रकारे परस्परपूरक ठरतात.

६. प्रयोगशाळेचे निदान : रेल्वे

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतून रेल्वे जात नाही. तथापि तुलनेसाठी जिल्ह्यातीलच रेल्वेचे उदाहरण उपयुक्त ठरते. तेलातील सूक्ष्म धातुकणांचे वर्णपटाद्वारे मापन करून इंजिनाची झीज ओळखण्याची पद्धत १९४० च्या दशकात अमेरिकेतील रेल्वेमार्गांवर विकसित झाली. भारतीय रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये ती पुढे नित्याची झाली आणि पुण्यातील घोरपडी येथे असे डिझेल शेड आहे. तेलाच्या नमुन्यात तांबे आणि शिसे वाढले तर बेअरिंग, क्रोमियम वाढले तर रिंगा, ॲल्युमिनियम वाढले तर पिस्टन आणि सिलिकॉन वाढले तर हवेबरोबर आत गेलेली धूळ, असे अनुमान केले जाते.

मिस्त्रीचे चुंबक आणि प्रयोगशाळेतील वर्णपटमापक यांचे तर्कशास्त्र एकच आहे. झिजलेला भाग आपली खूण तेलात सोडतो, हे दोघांचेही गृहीतक होय. फरक संवेदनक्षमतेचा आहे. बोटांना जाणवणारा कण येईपर्यंत झीज बरीच पुढे गेलेली असते. प्रयोगशाळेला दहा लाख भागांत काही भाग एवढा धातूही ओळखता येतो. मिस्त्रीच्या पद्धतीची खरी मर्यादा ही होती. बेअरिंगचा ठोका ऐकू येतो तेव्हा त्यातील फट आधीच वाढलेली असते आणि काही वेळा क्रँकला इजा झालेली असते. कानाच्या निदानाचा गौरव करताना ही मर्यादा नजरेआड करणे योग्य ठरणार नाही. परंतु एका विहिरीवरील पाच अश्वशक्तीच्या इंजिनासाठी प्रयोगशाळा परवडणारी नव्हती, हेही तितकेच खरे आहे.

७. बदलते संदर्भ

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना झाल्यानंतर ग्रामीण विद्युतीकरणाचा विस्तार झाला आणि विहिरींवर विजेचे पंप आले. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांमुळे कालवे आणि नदीवरील बंधारे हे पाण्याचे नवे स्रोत झाले. डिंभे धरणाच्या जलाशयात तर तालुक्याला ज्याचे नाव आहे ते जुने आंबेगावच बुडाले. नारायणगावची टोमॅटो बाजारपेठ, ओतूर आणि आळेफाटा येथील कांदा, तसेच विघ्नहर आणि भीमाशंकर या सहकारी कारखान्यांचा ऊस यांनी पाण्याची गरज वाढविली. ऑइल इंजिन मागे पडले, परंतु २००५ नंतरच्या काही वर्षांतील तीव्र भारनियमनात त्याची पुन्हा आठवण झाली. दरम्यान ट्रॅक्टर, टेम्पो आणि ट्रक यांच्या रूपाने मिस्त्रीचे काम चालूच राहिले.

खरा बदल इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने घडविला. एप्रिल २०२० पासून रस्त्यावरील नव्या वाहनांना भारत स्टेज ६ मानके लागू झाली आणि जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांसाठीही प्रदूषणाची कठोर मानके आली. अशा इंजिनात संवेदक बसविलेले असून ते बिघाडाचा सांकेतिक क्रमांक दाखवितात. निदान अधिक अचूक आणि लवकर होते, हा त्याचा निःसंशय लाभ आहे. परंतु हा क्रमांक वाचण्याचे उपकरण आणि त्याचा अर्थ सांगणारी माहिती मुख्यतः अधिकृत सेवाकेंद्राकडे असते. शेतकऱ्यासमोर, त्याच्या विहिरीवर, त्याला समजेल अशा रीतीने होणारे निदान आता बंद खोलीत होऊ लागले आहे. शिवाय संवेदकाला जे मोजण्यास सांगितले आहे तेवढेच तो मोजतो. सैल झालेल्या चावीसाठी स्वतंत्र क्रमांक नसतो. १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर याच मार्गावर एस.टी.ची ‘शिवाई’ ही विजेवरील बस धावली. शिवनेरीवरील देवतेचे नाव धारण करणाऱ्या या बसमध्ये ठोका नाही, धूर नाही आणि चेंबरमधील तेलही नाही.

८. निष्कर्ष आणि सूचना

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) डिझेल इंजिनाने ग्रामीण भागात केवळ शक्ती आणली नाही, तर न दिसणाऱ्या झिजेचे अनुमान करण्याची नवी विद्या आणली.

२) मिस्त्री, आगाराची नोंदवही आणि प्रयोगशाळा या तीन पद्धतींचा तार्किक पाया समान आहे. त्यांतील भेद साधनांचा, खर्चाचा आणि वेळेचा आहे. त्यामुळे पहिलीला ‘अनुभव’ आणि शेवटचीला ‘शास्त्र’ म्हणण्याची प्रथा तपासून पाहावी लागेल.

३) निदानाचे महत्त्व आर्थिक होते. वेळेवर झालेल्या योग्य निदानाने हंगाम, क्रँक आणि कर्जाचा हप्ता ही तिन्ही सांभाळली जात.

४) १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील डिझेल मेकॅनिकच्या अभ्यासक्रमाने प्रशिक्षणाला औपचारिक रूप दिले. परंतु कोणता ठोका कोणत्या भागाचा, हे ऐकण्याचे शिक्षण प्रामुख्याने उस्तादाच्या हाताखालीच होत राहिले. म्हणून ते लेखी साधनांत फारसे आढळत नाही.

मंदगती इंजिनांवर हात बसलेली पिढी आता वृद्ध झाली आहे. जुन्नर, नारायणगाव, मंचर आणि घोडेगाव परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी भौतिकशास्त्र विभागांच्या सहकार्याने या मिस्त्रींच्या मुलाखती आणि चालू स्थितीतील जुन्या इंजिनांच्या आवाजांचे ध्वनिमुद्रण करून ठेवणे आवश्यक आहे. शिवनेरी, नाणेघाट आणि लेण्याद्री यांच्या अभ्यासाची परंपरा असलेल्या या प्रदेशात ऐतिहासिक साधनांची व्याख्या शिलालेख आणि कागदपत्रे यांपुरती मर्यादित राहू नये. शिलालेख पुढील शतकातही वाचता येईल. ठोक्याचा अर्थ सांगणारा माणूस मात्र तोपर्यंत थांबणार नाही.